दगड फोडणारी लाट आणि एक निनावी चिठ्ठी

मागच्या व्याख्यानानंतर टेबलावर प्रश्नांच्या चिठ्ठ्या जमल्या होत्या. त्यातल्या एकीवर नाव नव्हतं, फक्त वय होतं, ५८. प्रश्न असा: "शॉकवेव्हने पुरुषाची ताठरता परत येते अशी जाहिरात वाचली. खरं आहे का?" मी डॉक्टर आहे, पण तत्त्वज्ञानाचा. औषध देणं माझं काम नाही. मात्र एखादा दावा कुठून निघाला आणि वाटेत त्याचं काय झालं, हे तपासणं आमच्याच धंद्यातलं आहे.

कोणी हसू नये. अशाच प्रश्नांना 'समाजस्वास्थ्य' मासिकातून उघड उत्तरं दिली म्हणून र. धों. कर्व्यांवर १९३४ साली खटला झाला होता, आणि त्यांचं वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतलं होतं. तेव्हा चिठ्ठी निनावी का, हे आपल्याला कळतं.

आता या लाटेची जन्मकथा बघा. ती सुरू होते जर्मनीत, विमानं बनवणाऱ्या डॉर्निअर कंपनीत. ध्वनीपेक्षा वेगाने जाणाऱ्या विमानावर पावसाचे थेंब आपटले की धातूचं नुकसान कसं होतं, याचा तिथे अभ्यास चालला होता. त्यातून लक्षात आलं, की दाबाची तीव्र लाट पाण्यातून आणि मांसातून फारशी इजा न करता जाते, पण कठीण वस्तूशी पोचली की तिथे आपला जोर दाखवते. मग म्युनिकमध्ये ख्रिश्चन शॉसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७ फेब्रुवारी १९८० रोजी पहिल्या रुग्णाचा मूतखडा असा फोडला. रुग्णाला पाण्याच्या टाकीत ठेवलं, पाण्याखाली ठिणगी पाडली आणि लाट नेमकी खड्यावर एकवटली. चाकू नाही, टाके नाहीत. पुढे काही वर्षांतच ही पद्धत जगभर गेली.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. खडा फुटला की नाही, हे एक्स-रेत दिसतं. त्यात मताला जागा नाही.

पुढे हीच लाट हाडांसाठी वापरून पाहिली गेली. मग जपानमध्ये क्यूशू विद्यापीठात, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, रक्तपुरवठा कमी पडलेल्या डुकरांच्या हृदयावर अगदी सौम्य लाटा सोडल्या, तेव्हा रक्तपुरवठा सुधारलेला दिसला. म्हणजे कल्पनाच उलटली. आधी लाट फोडत होती, आता ती नव्या रक्तवाहिन्या उगवायला लावते, असं म्हणायला सुरुवात झाली. ताठरता हाही मुळात रक्तपुरवठ्याचाच मामला. म्हणून २०१० मध्ये इस्राएलमधल्या हैफाच्या योराम वार्दी यांनी २० पुरुषांवर हा उपचार करून पाहिला आणि निकाल आशादायक आला. पण तुलनेला दुसरा गट नव्हता. ती उणीव त्यांनीच २०१२ च्या चाचणीत भरून काढली: ६७ पुरुष, त्यातल्या काहींवर खरं यंत्र, काहींवर नुसतं नाटक. खऱ्या यंत्राचा गट सरस ठरला.

मग प्रश्न सुटला का? नाही. २०१७ मध्ये डेन्मार्कमधल्या १२६ पुरुषांच्या तशाच चाचणीत नाव घेण्याजोगा फरक आढळला नाही. २०१८ मध्ये अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनने हा उपचार प्रायोगिक मानावा असं सांगितलं. युरोपातल्या संघटनेने सौम्य त्रासासाठी शिफारस केली, पण तिला 'दुबळी' असंच विशेषण लावलं. यात कोणी खोटारडा नाही. इथे एक्स-रेत फुटलेला दगड दिसत नाही. रुग्ण प्रश्नावली भरतो, आणि आशा हीसुद्धा प्रश्नावली भरते.

घोटाळा होतो तो नावामुळे. खडा फोडून मिळवलेली अब्रू 'शॉकवेव्ह' या शब्दाने दुसऱ्याच कामाला उसनी दिली. त्यातही काही ठिकाणी जे 'रेडियल' यंत्र वापरतात, त्याची लाट एका बिंदूवर एकवटत नाही. ती कातडीपासून पसरत जाते आणि आत शिरता शिरता क्षीण होते. भौतिकशास्त्राच्या हिशेबाने ती खरी शॉकवेव्हच नव्हे. जाहिरातीत मात्र दोन्ही एकाच पाटीखाली.

तर चिठ्ठीवाले गृहस्थ, तुम्ही आज इथे बसला असाल तर ऐका. हा उपचार थोतांड आहे असं मी म्हणत नाही. तो सिद्ध झालेला नाही, आणि सिद्ध झाल्याच्या भावात विकला जातो आहे, एवढंच म्हणतो. पैसे भरण्याआधी विचारा: यंत्र कोणतं? माझ्या त्रासाचं कारण काय निघालं? आणि कारण न शोधताच कोणी बारा बैठकांचं पॅकेज पुढे करत असेल, तर उठून या.

कारण शोधणं फार महत्त्वाचं आहे. त्या भागातल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक असतात. त्यामुळे हृदयाचं दुखणं कधीकधी काही वर्षं आधी तिथे वर्दी देतं. साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल तपासून घ्या. १९९८ पासून गोळ्याही आहेत, पण त्या डॉक्टरांना विचारूनच, विशेषतः हृदयाची औषधं चालू असतील तर.

निनावी चिठ्ठी इथे चालेल. डॉक्टरांकडे मात्र नावानिशी जा.