वर्ग, कोठडी आणि लेखणी : बंगळूरच्या मध्यवर्ती कारागृहाच्या निमित्ताने

मराठीतील तुरुंगवाङ्मयाची चर्चा करताना बंदिवास हा एकच एक अनुभव आहे असे बहुधा गृहीत धरले जाते. आगरकरांचे डोंगरी, टिळकांचे मंडाले, सावरकरांचे अंदमान, साने गुरुजींचे नाशिक अशी स्थळांची नावे बदलतात. भिंतीच्या आत प्रशासनाने घातलेल्या भिंतींकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. वस्तुतः कैदी तुरुंगाच्या दारात पाऊल ठेवतो तेव्हा त्याच्याविषयीचा पहिला मजकूर लिहिला जातो तो कारकुनाच्या हातून, नोंदवहीत. नाव, वय, कलम, शिक्षा आणि वर्ग. कैद्याने पुढे जे काही लिहिले, त्याची पूर्वपीठिका या रकान्यांत असते. बंगळूरच्या जुन्या मध्यवर्ती कारागृहाच्या एका कालखंडाच्या आधारे हे संबंध तपासण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हे कारागृह म्हैसूर संस्थान ब्रिटिश कमिशनरांच्या ताब्यात असताना, १८६० च्या दशकाच्या उत्तरार्धात उभे राहिले. मध्यभागी टेहळणीचा मनोरा आणि त्याच्याभोवती बराकी अशी त्याची रचना होती. थोड्या पहारेकऱ्यांनी पुष्कळ कैदी नजरेखाली ठेवावेत, हे त्या शतकाचे स्थापत्यसूत्र होते. म्हणजे मनुष्यबळाची काटकसर इमारतीच्या आराखड्यातच होती. १८९४ च्या कारागृह अधिनियमाने स्त्रिया व पुरुष, न्यायाधीन व शिक्षा झालेले, दिवाणी व फौजदारी असे कैदी वेगळे ठेवण्याचा दंडक घातला. त्याच अधिनियमाने तुरुंगाचे काम सोपविलेल्या कैद्याला लोकसेवकाचा दर्जा दिला. ही तरतूद वाचताना सहज नजरेआड होते, पण मराठी वाचकाला तिची ओळख फार जुनी आहे. ‘माझी जन्मठेप’मधील वॉर्डर, पेटी अफसर आणि जमादार यांची उतरंड म्हणजे हीच तरतूद प्रत्यक्षात आलेली. अपुऱ्या नोकरवर्गाची भरपाई कैद्यांतूनच करावयाची, तर कोण विश्वासाचा आणि कोण धोक्याचा हे ठरवावेच लागते. सावरकरांच्या गळ्यातील बिल्ल्यावर सुटकेचे साल १९६० होते, आणि ‘धोकादायक’ या अर्थाचे ‘डी’ हे अक्षरही होते. वर्गीकरण हे सुरक्षेचे शास्त्र म्हणून सांगितले जाते. त्याचा उगम पुष्कळदा शिपायांच्या तुटवड्यात असतो.

१९३० साली या व्यवस्थेत दुसराच निकष आला. लाहोरच्या तुरुंगात ६३ दिवसांच्या उपोषणानंतर १३ सप्टेंबर १९२९ रोजी जतीन दास यांचा मृत्यू झाला. राजकीय कैद्यांना समान व मानवी वागणूक मिळावी, ही त्या उपोषणामागची मागणी होती. सरकारने उत्तर दिले ते ‘अ’, ‘ब’, ‘क’ अशा तीन वर्गांचे. हा वर्ग गुन्ह्याच्या हेतूवर आधारलेला नव्हता. कैद्याची सामाजिक प्रतिष्ठा, शिक्षण आणि राहणीची सवय यांवरून तो ठरे. मागणी राजकीय होती, उत्तर मात्र सामाजिक मिळाले. पांढरपेशा सत्याग्रहीला खाट, पुस्तक व कागद मिळण्याची शक्यता निर्माण झाली आणि त्याच लढ्यातला शेतमजूर ‘क’ वर्गात गेला. सविनय कायदेभंगाच्या काळातील आपले तुरुंगवाङ्मय मुख्यतः शिक्षितांचे आहे, हे साक्षरतेच्या प्रमाणावरून समजावून सांगता येते. पण तेवढ्याने भागत नाही. मात्र वर्ग हा लेखनाचा एकमेव निर्णायक घटक मानणेही एकांगी ठरेल. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर दिलेली अठरा प्रवचने साने गुरुजींनी टिपून घेतली. ती श्रोतृसमुदायावाचून झालीच नसती. गर्दी ही केवळ हालअपेष्टा नसते, कधी कधी ती सभाही असते.

२६ जून १९७५ रोजी सकाळी बंगळूरमध्ये चार संसदसदस्यांना अटक झाली : अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी, श्यामनंदन मिश्र आणि राजापूरचे खासदार मधु दंडवते. पक्षांतरबंदीच्या विधेयकावरील संयुक्त समितीच्या बैठकीसाठी ते शहरात आले होते. दंडवते हे मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकविलेले समाजवादी. त्यांची आणीबाणीतील स्थानबद्धता मुख्यत्वे बंगळूरला गेली आणि पत्नी प्रमिला दंडवते यांची पुण्याला, येरवड्यात. या दोन तुरुंगांदरम्यान त्या काळात सुमारे दोनशे पत्रांची ये-जा झाली. पुस्तके, संगीत, कविता, एकमेकांची प्रकृती आणि स्वातंत्र्याचा अर्थ हे त्यांचे विषय होते. अडवाणींची बंगळूरची रोजनिशी १९७८ मध्ये ‘अ प्रिझनर्स स्क्रॅप-बुक’ या नावाने प्रसिद्ध झाली. वाचन, टिपणे, कायद्याचा काथ्याकूट आणि सहबंदींशी चर्चा यांनी ती भरलेली आहे. स्वातंत्र्य हिरावले गेले होते, पण दिवसाला आकार होता. त्या आकारातून पत्र आणि टिपणवही हे दोन प्रकार निपजले.

त्याच कारागृहात १९७६ च्या मे महिन्यापासून स्नेहलता रेड्डी होत्या. पट्टाभिराम रेड्डी यांच्या ‘संस्कार’ (१९७०) या कन्नड चित्रपटातील चंद्री म्हणून त्या तुलनाकारांना परिचित असतील. बडोदा डायनामाइट प्रकरणाच्या संदर्भात २ मे १९७६ रोजी त्यांना अटक झाली. पुढे आरोपपत्र दाखल झाले त्यात त्यांचे नाव नव्हते, पण ‘मिसा’खाली त्यांना डांबून ठेवण्यात आले. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने त्या आणि दंडवते एकाच प्रकारचे बंदी. कोठडी मात्र एकाच प्रकारची नव्हती. एका माणसापुरती जागा, शौचासाठी जमिनीतले भोक, दाराऐवजी लोखंडी जाळी आणि दम्याचा जुना विकार. रात्रीच्या शांततेत त्यांचे ओरडणे आपल्यापर्यंत पोहोचत असे, असे दंडवते यांनी नमूद केले आहे. एका आवारातील दोन वर्गांमधले अंतर किती होते, हे या एका वाक्याने जेवढे कळते तेवढे कोणत्याही नियमपुस्तिकेने कळणार नाही. १५ जानेवारी १९७७ रोजी त्यांना पॅरोलवर सोडण्यात आले. २० जानेवारीला त्यांचे निधन झाले.

त्यांची इंग्रजी दैनंदिनी ‘अ प्रिझन डायरी’ या नावाने त्याच वर्षी निघाली. मंडालेत लिहिलेल्या ‘गीतारहस्या’सारखा प्रबंध एका टोकाला ठेवला, तर ही त्रोटक, श्वास तुटल्यासारखी टिपणे दुसऱ्या टोकाला येतात. हा फरक केवळ व्यक्तिमत्त्वाचा आहे असे मला वाटत नाही. प्रबंधाला संदर्भग्रंथ लागतात, दिवा लागतो, निर्वेध तास लागतात. दैनंदिनीला पेन्सिल पुरते. शिवाय या दैनंदिनीत दंडवते-अडवाणींच्या लेखनात सहसा न भेटणारी माणसे आहेत : स्त्री-विभागातील सामान्य कैदी, त्यांना होणारी मारहाण, त्यांचे निकृष्ट अन्न. त्यांच्यासाठी स्नेहलता अधिकाऱ्यांशी भांडल्या. वरच्या वर्गाने जे डोळ्यांआड ठेवले असते ते खालच्या वागणुकीने त्यांच्यासमोर आणले. हा वर्गीकरणाचा अनपेक्षित वाङ्मयीन परिणाम म्हणावा लागेल, जरी त्याची किंमत फार भयंकर होती.

या सर्वांमागे गर्दीचे गणित होतेच. शाह आयोगाच्या नोंदीनुसार आणीबाणीच्या तोंडावर देशातील तुरुंगांची अधिकृत क्षमता सुमारे १,८३,००० होती आणि प्रत्यक्ष कैदी सुमारे २,२०,०००. आधीच दाटी झालेल्या या बराकींत ‘मिसा’खालील सुमारे ३५,००० स्थानबद्धांची भर पडली. त्यातील निम्म्याहून अधिक जुने रहिवासी खटल्याची वाट पाहणारे होते. त्यांना तुरुंगाच्या बोलीत ‘कच्चे कैदी’ म्हणतात. हा शब्द मला नेहमीच विलक्षण वाटतो. दोषी ठरल्यावर माणूस ‘पक्का’ होतो, तोवर तो जणू भट्टीतच असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत या कच्च्या कैद्यांचे प्रमाण ७५.८ टक्के होते, तर १०० जणांच्या जागेत १३१ माणसे होती. कर्मचाऱ्यांची सुमारे तीस टक्के पदे रिकामी होती. आदर्श कारागृह नियमावली सहा कैद्यांमागे एक रक्षक सांगते. रक्षकच नसतील तर जोखमीनुसार वर्गवारी कोण करणार, हा प्रश्न तीत उरतोच.

न्यायालयांनी या उतरंडीला अधूनमधून हात घातला. प्रभाकर संझगिरी यांनी स्थानबद्धतेत ‘अणूच्या अंतरंगात’ हे मराठी विज्ञानपुस्तक लिहिले, आणि हस्तलिखित बाहेर पाठविण्यास सरकारने नकार दिला. नियमांत न लिहिलेला निर्बंध स्थानबद्धावर लादता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये ठरविले. आपल्या वाङ्मयेतिहासांत या निकालाला स्थान नाही, हे नवल आहे. १९८० मध्ये प्रेमशंकर शुक्ल खटल्यात न्या. कृष्ण अय्यर यांनी बेड्यांसाठी ‘वरचा वर्ग’ आणि ‘सामान्य’ असा भेद अमान्य केला.

बंगळूरचे कैदी २००० साली परप्पन अग्रहार येथील नव्या कारागृहात हलविण्यात आले. जुन्या आवाराचे २००८ मध्ये ‘फ्रीडम पार्क’ झाले. मनोरा आणि काही बराकी तेथे जपलेल्या आहेत. नव्या ठिकाणीही विशेष सोयींचा प्रश्न संपला नाही. २०१७ मध्ये तत्कालीन उपमहानिरीक्षक डी. रूपा यांनी त्याविषयी अहवाल दिला होता. कागदावरचा वर्ग गेला की पैशाचा वर्ग येतो, हे तुरुंगप्रशासनाच्या अभ्यासकांना नवीन नाही.

अधिक खोल असलेला वर्ग नियमपुस्तिकांतच होता. झाडलोट कोणी करावी आणि स्वयंपाक कोणी करावा, हे अनेक राज्यांच्या नियमावल्या जातीवरून ठरवीत. भटक्या-विमुक्तांना त्या ‘सराईत’ गणीत. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या. तुरुंगाच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना वगळावा, असा आदेश त्या निकालपत्रात आहे.