वाचणाऱ्याची सही

बंगळूरच्या संगणक-व्यवसायाचा इतिहास सांगण्याची एक ठरलेली रीत आहे. १९८५ मध्ये टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स आली, इलेक्ट्रॉनिक्स सिटी वाढली, 'वायटूके'च्या धास्तीने जगभरची कामे इकडे वळली, मग काचेच्या इमारती आणि सिल्क बोर्ड चौकातली कोंडी. दुसऱ्याने सांगितलेले काम स्वस्तात करून देणारे शहर, हा त्या गोष्टीचा मथितार्थ. ती खोटी नाही. पण तिच्यातून एक धागा सुटतो. २००० नंतरच्या पाच-सहा वर्षांत याच शहरातले काही इंजिनिअर लिनक्सच्या कर्नेलसाठी लिहीत होते, आणि त्यांचे लेखन त्यांचे साहेब नसलेली, कधी न भेटलेली माणसे ओळीगणिक वाचून परत पाठवत होती. मी इंजिनिअर नाही. तौलनिक साहित्यात एम.ए. केले, कन्नडमधून मराठीत भाषांतरे करते आणि इतरांची भाषांतरे मुळाशी ताडून पाहते. या धाग्याकडे माझे लक्ष गेले ते या दुसऱ्या कामामुळे.

कर्नेल म्हणजे संगणकाचा गाभा. ('कर्नल' लिहिले की मराठी वाचकापुढे मिशीवाला लष्करी अधिकारी उभा राहतो, म्हणून मात्रा.) प्रोग्राम आणि यंत्र यांच्यामध्ये बसून कोणाला किती वेळ, किती मेमरी, कोणती फाइल हे तो ठरवतो. लिनस तोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये हेलसिंकीत विद्यार्थी असताना सुरू केलेला हा मजकूर आज तीन कोटी ओळींच्या पुढे गेला आहे. तुमच्या खिशातला फोन अँड्रॉइड असेल, तर तो त्यातही आहे.

या मजकुरात बदल करायचा तो पॅचने. पॅच म्हणजे ठिगळ, आणि हा शब्द एके काळी अक्षरशः खरा होता. प्रोग्राम भोके पाडलेल्या कागदी पट्टीवर असत, तेव्हा चुकीच्या जागी कागदाचा तुकडा चिकटवून दुरुस्ती करत. आजचा पॅच हा मजकूरच असतो. वजा चिन्हाची ओळ काढायची, अधिक चिन्हाची घालायची, आणि जागा ओळखता यावी म्हणून वरखाली तीन-तीन ओळी जशाच्या तशा. चिकित्सक आवृत्तीतल्या पाठभेदांच्या टिपा चाळलेल्या माणसाला हे मुळीच अनोळखी वाटत नाही. असे ठिगळ आपोआप मूळ मजकुरात बसवणारा प्रोग्राम १९८५ मध्ये लॅरी वॉल यांनी लिहिला. हे गृहस्थ भाषाशास्त्र शिकलेले. लिपी नसलेल्या एखाद्या भाषेसाठी लिपी तयार करायची आणि तिच्यात बायबलचे भाषांतर करायचे, असा त्यांचा आणि पत्नीचा बेत होता. प्रकृतीमुळे तो सोडावा लागला. आमच्या धंद्यातला एक माणूस तिकडे गेला, असे मी मनाशी म्हणते.

पॅच आला की कोणीतरी तो वाचतो. वाचणारा आधी वर्णन पाहतो. काय बदलले हे ओळींवरून कळतेच, का बदलले ते शब्दांत हवे. एका पॅचमध्ये एकच बदल. दोन असतील तर तोडून दोन करून आणा. मग खरे वाचन. घेतलेले कुलूप प्रत्येक वाटेने बाहेर पडताना सोडले आहे ना? सगळे सुरळीत चालले तर सोडले असेलच, पण मध्येच मेमरी मिळाली नाही आणि माघारी फिरावे लागले तर? दोन प्रोसेसर एकाच क्षणी या ओळीवर पोचले तर? लिहिणाऱ्याचे डोळे सरळ वाटेवर असतात, वाचणाऱ्याला आडवाटा तपासाव्या लागतात. त्याने हरकती घेतल्या की लेखक दुसरी आवृत्ती पाठवतो, मग तिसरी. सातवी-आठवीसुद्धा नवलाची नसते. आधीच्या आवृत्तीहून काय बदलले हे लेखक तीन आडव्या रेघांखाली लिहितो. पॅच स्वीकारला गेला की रेघांखालचा मजकूर गळून पडतो, इतिहासात वरचे तेवढे जाते.

मराठीत अशा वाचनाचे सर्वांत मोठे उदाहरण एकनाथांचे. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला. तीनशे वर्षांच्या हातोहात नकलांत ज्याच्या त्याच्या ओव्या आत शिरल्या होत्या. शुद्धीनंतर त्यांनी बजावले, की यापुढे कोणी यात आपली ओवी घालू नये. घालणारा अमृताच्या ताटात करवंटी ठेवतो आहे. एकनाथांनी वाचले आणि दार लावून घेतले. कर्नेलमध्ये दार उघडेच ठेवायचे असते. रोज शेकडो ओव्या येतात, त्यातली करवंटी ओळखायची आणि बाकीच्या आत घ्यायच्या.

आता बंगळूर. आयबीएमने १९९९ मध्ये लिनक्ससाठी स्वतंत्र केंद्र काढले आणि त्याची एक शाखा इथे सुरू झाली. त्याच वर्षी त्यांनी सीक्वेंट ही कंपनी विकत घेतली. तिच्या युनिक्समध्ये पॉल मॅकेनी आणि सहकाऱ्यांनी एक युक्ती विकसित केली होती. तिचे नाव पुढे 'रीड-कॉपी-अपडेट', थोडक्यात आरसीयू, असे रूढ झाले. युक्ती अशी: अनेकजण वाचत असलेल्या माहितीत बदल करायचा असेल तर वाचणाऱ्यांना थांबवायचे नाही. नवी प्रत तयार करा, बदल तिच्यात करा, मग कपाटात जुनीच्या जागी नवी ठेवा. यापुढे येईल त्याला नवी मिळेल. जुनी ज्यांच्या हातात आहे त्यांचे वाचन संपेपर्यंत ती रद्दीत द्यायची नाही. ग्रंथपालाला हे समजावून सांगावे लागणार नाही. कर्नेलमध्ये मात्र ते पटवून द्यायला बराच काळ गेला. वेगवेगळ्या पद्धतींनी लिहिलेले अनेक मसुदे पुढे आले, मोजले गेले. अखेर ऑक्टोबर २००२ मध्ये जो आत गेला तो आयबीएमच्या इथल्या केंद्रातले दीपंकर सर्मा यांच्या हातचा होता. मनीष सोनी यांच्या साथीने फाइलींची नावे शोधण्याच्या भागात तो वापरला गेला. आज आरसीयू कर्नेलमध्ये जागोजागी आहे.

लगेच पुढच्या वर्षी ही युक्ती कोर्टात गेली. मार्च २००३ मध्ये एससीओ या कंपनीने आयबीएमवर दावा लावला, की युनिक्सच्या वारशातला मजकूर लिनक्समध्ये घातला गेला आहे. ज्या भागांवर बोट ठेवले त्यात आरसीयूही होते. खटला २०२१पर्यंत रेंगाळला आणि एससीओच्या हाती फारसे काही लागले नाही. पण त्यामुळे एक साधा प्रश्न पुढे आला: ही ओळ कोणाच्या हातून आली हे आपण दाखवू शकतो का? मे २००४ मध्ये तोरवाल्ड्स यांनी नियम मांडला. पॅच ज्याच्या ज्याच्या हातून वर जाईल त्याने तळाशी आपले नाव लिहायचे: 'साइन्ड-ऑफ-बाय'. हे देण्याचा मला अधिकार आहे, एवढाच त्याचा अर्थ. नावे एकाखाली एक येतात, सर्वांत खालचे शेवटच्या हाताचे.

मराठ्यांच्या दफ्तरात पत्राच्या माथ्यावर शिक्का असे, आणि मजकूर संपतो तिथे मोर्तब. मोर्तबाखाली कोणाला एक अक्षर वाढवता येऊ नये, हा हेतू. 'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण आज सहज वापरतो, पण त्यातले दुसरे पद हे वाचून खात्री करणाऱ्याचे होते, हे विसरून. कर्नेलमधल्या सह्या मला या जातीच्या वाटतात. फरक एवढाच की इथे प्रत्येक हाताचे मोर्तब स्वतंत्र उमटते.

त्याआधीही नावे नोंदत, पण रीत मोकळी होती. केप्रोब्ज नावाच्या सोयीची फाइल याचा नमुना आहे. चालू कर्नेलमध्ये हव्या त्या ओळीवर सापळा लावून तिथे काय घडते ते पाहायचे, अशी ही सोय. २००४ मध्ये ती मुख्य कर्नेलमध्ये आली. फाइलीच्या माथ्यावर छोटी बखरच आहे. ऑक्टोबर २००२: वंशी कृष्ण यांनी पहिले लेखन केले, रस्टी रसेल यांच्या सूचनांसह. ऑगस्ट २००४: प्रसन्ना पंचमुखी यांनी सुधारले, अँडी क्लीन यांनी सुचवल्याप्रमाणे. जुलै २००४: सुपर्णा भट्टाचार्य यांनी फंक्शनला दिलेल्या किमती पाहण्याची सोय जोडली. ऑगस्ट आधी आणि जुलै नंतर. नकलनवीसाच्या या घसरणीवर माझे डोळे अडकले आणि मग पुन्हा पुन्हा तिथे गेले. हे तिघे आयबीएमच्या इथल्या केंद्राशी जोडलेले. आणि प्रत्येक लेखनासोबत नसला तरी दोन ठिकाणी वाचणारा आहे, नावानिशी: ऑस्ट्रेलियातला एक, जर्मन दुसरा. सुपर्णा भट्टाचार्य यांनी जोडलेली सोय २०१८ मध्ये काढून टाकण्यात आली, कारण तोवर तिच्याहून बऱ्या वाटा झाल्या होत्या. कोड गेला, पण बखरीतली ओळ कोणी काढली नाही.

वाचणाऱ्यासाठी वेगळी सही हवी, हे ठरायला २००७ उजाडले. कर्नेलची माणसे तेव्हा केंब्रिजला जमली होती. अँड्र्यू मॉर्टन बरीच वर्षे सांगत होते की लिहिणारे पुष्कळ आहेत, वाचणारे कमी पडतात. त्यातून 'रिव्ह्यूड-बाय' ही ओळ आली आणि तिचा अर्थ सांगणारा मजकूर जोनाथन कॉर्बेट यांनी तयार केला. त्या मजकुराची नेमकी भाषा मला आवडते. सही करणारा म्हणतो: मी हे तांत्रिक दृष्टीने वाचले, माझ्या शंका लेखकाला कळवल्या, उत्तरांनी माझे समाधान झाले, हे आत जायला योग्य आहे असे मला वाटते, मात्र ते चालेलच अशी हमी मी देत नाही. समीक्षकाने आणि भाषांतर तपासणाऱ्याने एवढेच म्हणावे, याहून जास्त नाही आणि कमीही नाही. आमच्याकडे ही ओळ छापायची पद्धत नाही. एका कथासंग्रहाची सगळी भाषांतरे मी मूळ कन्नडशी ताडली, चार महिने गेले. पुस्तकात मुखपृष्ठाच्या कागदाची जात छापली आहे, माझे नाव नाही. (कागद चांगला होता.)

कॉर्बेट त्याआधी २००५ मध्ये बंगळूरला येऊन गेले होते, पॅलेसच्या आवारात भरलेल्या फॉस डॉट इनसाठी. २००१ मध्ये 'लिनक्स बंगळूर' म्हणून सुरू झालेले हे संमेलन उभे करणाऱ्यांत पुढे होते अतुल चिटणीस, शिक्षण बेळगावचे. चिटणीस म्हणजे मूळचा पत्रे लिहिणारा अधिकारी, हा योगायोग इथे नोंदवून ठेवते. नव्वदच्या दशकात 'पीसी क्वेस्ट' मासिकाबरोबर लिनक्सच्या सीड्या घरोघर पोचवण्यात त्यांचा हात होता. पुढे त्यांच्या संमेलनाने रोख बदलला. वापरायला शिकवणे पुरे, आता भर घाला. भारतात वापरणारे लाखो, देणारे मूठभर, ही तेव्हाची खंत होती. २०१३ मध्ये ते गेले.

ती खंत मला अर्धीच पटते. 'देणे' म्हणजे पॅच लिहिणे, असे गृहीत धरून मोजदाद झाली. बंगळूरच्या कंपन्यांतही पुढे पॅचची संख्या ही इंजिनिअरची किंमत ठरवायचे माप बनली. वाचनाचे माप कोणी लावले नाही, आणि लावले असते तर न वाचता सह्या ठोकणारे निघाले असते, हेही खरे. पण कर्नेलमध्ये माणूस मोठा होतो तो दुसऱ्याचे वाचून. एखादा भाग ज्याच्या हवाली केला जातो त्याचा दिवस मुख्यतः इतरांच्या ओळींत जातो. या शहरात तसे वाचक झाले, अजून आहेत, आणि शहराच्या गोष्टीत ते कुठेच नाहीत.

हे वाचन कशावर उभे आहे, ते एप्रिल २०२१ मध्ये उघडे पडले. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी खोट्या नावांनी मुद्दाम सदोष पॅच पाठवून पाहिले होते; वाचणाऱ्यांना करवंटी दिसते का, हा त्यांचा प्रयोग. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्या विद्यापीठाचे दार बंद केले. मग तिथून वर्षानुवर्षे आलेले चारशेहून अधिक बदल मेंटेनरांनी पुन्हा वाचायला घेतले. बहुतेक बरोबर निघाले. ते पुनर्वाचन कोणाच्याही कामाच्या वेळापत्रकात नव्हते.

कर्नेलच्या कागदपत्रांत भाषांतरांचा एक कप्पा आहे. पॅच कसा लिहावा, कसा वाचावा हे त्यात चिनी, जपानी, कोरियन, इटालियन, स्पॅनिश भाषांत आहे. मराठी नाही, कन्नड नाही, हिंदी किंवा तमिळही नाही. कारण सरळ आहे: इथे हे काम करणारा प्रत्येकजण इंग्रजीतच शिकलेला असतो, त्याला गरज वाटत नाही. मी एकदा पहिली दोन पाने मराठीत करून पाहिली. 'लॉक'ला कुलूप चालते, 'रेस'ला शर्यत म्हटले तर अर्थ हरवतो, आणि वर्णन आज्ञार्थात लिहा या नियमाला 'करा' की 'कर' इथपासून सुरुवात होते. ती पाने आत जायची तर भाषांतरालाही वाचणाऱ्याची सही लागेल, दुसऱ्या कोणाची तरी, ज्याला कुलूप कुठे सुटते हे कळते आणि मराठीही.