मनीऑर्डरवर वाढलेलं बालपण

साधारण १९४० ते १९७० च्या दरम्यान कोकणातल्या आडगावांत लहानाची मोठी झालेली माणसं बालपणाविषयी लिहू लागली की काही गोष्टी हमखास येतात. साकवावरून शाळेला जाणं, कंदिलाच्या उजेडातला अभ्यास, सकाळची पेज, रानातली करवंदं, शिमग्याची पालखी. या आठवणींच्या तळाशी एक समजूतही असते. गाव आपल्यापुरतं होतं, पिकेल ते खायचं, मीठ आणि कापड सोडलं तर बाहेरचं काही लागत नसे, पैसा नव्हता पण त्याच्यावाचून अडतही नव्हतं. आठवणींतला तपशील खरा आहे आणि तो जपलाच पाहिजे. ती समजूत मात्र इतिहासाला धरून नाही. हे बालपण मुंबईच्या मजुरीवर उभं होतं. तेवढी एक गोष्ट गाळली, की त्या बालपणासाठी कोणी काय सोसलं तेही दिसेनासं होतं.

आधी जमिनीकडे पाहू. १९८१ मध्ये सिंधुदुर्ग वेगळा होण्याआधीचा रत्नागिरी जिल्हा घेतला, तर भाताची सपाट शेतं थोडी आणि बाकी कातळ नाहीतर वरकस. वरकसात नाचणी-वरीची दोनतीन पिकं काढली की जमीन काही वर्षं पडीक सोडावी लागे. त्यात खोती. कुळाने घाम गाळून पिकवलेल्या भातातला मोठा वाटा खोताच्या घरी जाई. बाबासाहेब आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचं विधेयक १९३७ साली मुंबईच्या कायदेमंडळात मांडलं, पण कायदा व्हायला १९४९ साल उजाडलं. कुळाच्या घरी उरलेलं भात वर्षभर पुरणं कठीणच होतं. मुंबईत पहिली कापडगिरणी १८५६ मध्ये सुरू झाली, आणि १८८० मध्ये छापलेल्या रत्नागिरीच्या गॅझेटियरमध्येच सुगीनंतर मुंबईला जाऊन पावसाच्या तोंडावर परतणाऱ्या माणसांची नोंद आहे. १९२१ च्या जनगणनेत मुंबई शहरात राहणाऱ्या, पण रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्यांची संख्या दोन लाखांच्या वर होती. त्या वेळी शहराची लोकसंख्या बारा लाखांच्या आत होती. म्हणजे पाच-सहा मुंबईकरांत एक जण रत्नागिरीचा. दुसऱ्या बाजूला, विसाव्या शतकातल्या जनगणनांमध्ये या जिल्ह्यात पुरुषांपेक्षा स्त्रियाच जास्त भरत राहिल्या. आपल्यापुरत्या असलेल्या गावातून एवढे पुरुष पिढ्यान् पिढ्या बाहेर का राहिले असते?

या पुरुषांनी मुंबईत कमावलेला पैसा गावात पोचवणारी व्यवस्था नीट पाहिली की चित्र आणखी स्पष्ट होतं. टपाल खात्याने मनीऑर्डर १८८० पासून सुरू केली, आणि कोकणाइतका तिच्यावर अवलंबून असलेला मुलूख महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. फॉर्मवर रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत लिहायची, खाली पाठवणाऱ्याचा पत्ता, आणि तळाशी एक पट्टी, जिच्यावर चार ओळींचा निरोप मावे. पोस्टमन वाड्यांतून चालत येई, अंगणात किंवा पडवीत बसून नोटा मोजून देई, सही येत नसेल तर अंगठा घेऊन साक्षीदाराची सही घेई. तळाची पट्टी फाडून तो घरच्यांच्या हातात ठेवी आणि पोच मुंबईला परत जाई. बऱ्याच घरांत ती पट्टी वाचून दाखवण्याचं कामही त्याचंच, नाहीतर शाळेत जाणाऱ्या पोराचं. लावणीच्या मजुरांचे पैसे, वाण्याची उधारी, मुलाची फी, औषध, देवाची वर्गणी हे सगळं त्या रकमेतून भागवायचं असे. ज्या उजेडात अभ्यास झाला त्याचं रॉकेल विकत आणलेलं होतं, पाटी-पेन्सिलही विकतची होती. गावाची वाट अवघड होती यात शंका नाही. पावसाळ्यात बोटी बंद होत, आणि एरवीही आगबोट खोल पाण्यात उभी राही आणि माणसांना पडावातून किनाऱ्याला यावं लागे. कोकण रेल्वे पूर्ण व्हायला १९९८ उजाडलं. पण वाट दुर्गम असली म्हणून गावाचं पोट मुंबईपासून तुटलेलं नव्हतं. परळ-लालबागच्या गिरण्यांत पगार उशिरा झाला तर त्याची झळ दोनशे मैलांवरच्या चुलीला लागे.

पुरुष मुंबईला असल्याने गाव चालवलं बायकांनी, आणि स्मरणरंजनात सर्वांत जास्त अन्याय होतो तो इथे. कवळ तोडायची, भाजावळ करायची, तरवा काढून पाणथळ शेतात दिवसभर वाकून लावणी करायची, गुरांचं पाहायचं, सासू-सासऱ्यांचं करायचं आणि मुलंही वाढवायची. आठवणींत आई येते ती पेज वाढताना. तिच्या अंगावर नवऱ्याच्या वाटणीचंही काम होतं, आणि वर्षातले दहा-अकरा महिने त्या घरात वडील नव्हते, हे ओझरतं सांगून पुढे जायची पद्धत आहे. तिकडे वडील गिरणगावात गावकीच्या खोलीत राहत. एका खोलीत पाळीपाळीने वीस-पंचवीस जण झोपत, वळकट्या भिंतीशी, ट्रंका फळीवर, जेवण खानावळीत. शिमग्याला नाहीतर गौरी-गणपतीला खाऊ घेऊन येणारा चाकरमानी मुलांच्या लक्षात राहिला. ज्या खोलीतून तो निघाला ती खोली मुलांनी पाहिलेली नव्हती. ती पुढे पाहिली, पण तेव्हा ते स्वतःच तिथे राहायला गेले होते, सातवी झाल्यावर, रात्रशाळेत नाव घालून.

यावर पहिला आक्षेप असा येतो की बलुतं होतं, धान्याच्या बदल्यात काम होतं, मासळीच्या बदल्यात भात मिळत असे, मग पैशाचं महत्त्व एवढं कसं? हे व्यवहार होते, हे मान्यच आहे. पण बलुत्याला देण्यासाठी आधी खळ्यावर धान्य असावं लागतं, आणि ज्याच्या वाट्याला गावची हलकी, हक्काने करून घेतलेली कामं होती त्याला या देवाणघेवाणीत काय मिळत होतं, हेही विचारलं पाहिजे. महार समाजाच्या अनेक कुटुंबांनी सैन्य, गिरणी आणि गोदी या वाटा धरल्या त्या केवळ पैशासाठी नव्हे, गावाच्या जाचातून सुटण्यासाठीही. त्यांच्या लिखाणात गाव वेगळं दिसतं. स्वयंपूर्ण गावाची आठवण बहुधा ज्यांच्या घरात भाताची कणगी होती त्यांची आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. आठवण म्हणजे काही जमाखर्चाची वही नव्हे. मुलाला सुख झालं ते खरंच होतं, मग पैसा कुठून आला याच्याशी त्या सुखाचा काय संबंध? मलाही ते सुख खोटं म्हणायचं नाही. नदीत डुंबायला पैसे पडत नव्हते. पण एका माणसाची आठवण आणि पुष्कळांच्या आठवणी मिळून बनलेला गावाचा इतिहास, यांत फरक आहे. तुम्ही आपल्या गावाविषयी काय मानता त्यावर आज त्या गावासाठी काय मागता ते ठरतं. एके काळी गाव आपल्या बळावर नांदत होतं आणि नंतर लोक शहराच्या मोहाने बाहेर पडले, असं मानलं की दोष निघून गेलेल्यांवर येतो. कसणाऱ्याला जमीन उशिरा मिळाली, रस्ते त्याहून उशिरा आले, रोजगार तर आलाच नाही, हा सगळा भाग मग कोणी विचारत नाही. उलट ज्यांना मोहाचा दोष दिला जातो त्यांच्याच मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळांनी वर्गणी काढून गावोगाव शाळांच्या खोल्या बांधल्या, देवळं दुरुस्त केली.

या युक्तिवादाची खरी कसोटी १९८२ मध्ये लागली. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि बऱ्याच जणांना गिरणीचा दरवाजा पुन्हा उघडलाच नाही. कितीतरी जण कोकणात घरी आले. गाव पूर्वीपासून आपल्या बळावर चालत असतं, तर परत आलेल्या हातांनी ते अधिक भरभराटीला यायला हवं होतं. प्रत्यक्षात भावाभावांत वाटलेल्या दोन-चार गुंठ्यांत त्या हातांना काम नव्हतं, आणि महिन्याची मनीऑर्डर थांबल्यावर वाण्याने उधारी बंद केली. काही जण वॉचमन, हमाल, फेरीवाले होऊन पुन्हा मुंबईला गेले, मुलांनी विरार-नालासोपाऱ्याकडे बिऱ्हाडं केली. १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेतून पडीक डोंगरांवर हापूस आणि काजू उभे राहिले, काही कुटुंबांना त्याने खरा हात दिला. तरीही २०११ च्या जनगणनेत, महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे हजाराहून अधिक स्त्रिया असलेले जिल्हे दोनच होते, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग.