एकशे चौदा बळी आणि एक रिकामा रकाना

भिसेगाव हे कर्जत स्थानकाला लागूनच असलेले गाव. तेथे काही शिक्षकांशी 'सरासरी' या विषयावर बोलत असताना एका बाईंनी वर्तमानपत्राचे एक कात्रण आमच्यापुढे ठेवले. रग्बीच्या एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेचे तक्ते त्यात होते. वर संघांची कामगिरी, खाली खेळाडूंची. बाई म्हणाल्या, "संघ तळाला आणि त्याच संघातला खेळाडू यादीत सर्वांत वर! मुले विचारतात, यातले खरे काय मानायचे?"

प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर साधे नाही. क्रीडास्पर्धेचा तक्ता वाचायचा तर आधी त्यातले एकक तपासावे लागते. रग्बीत चेंडू प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे नेऊन टेकवला की 'ट्राय' होतो. १९७१ पासून ट्रायला ४ गुण मिळत. १९९२ पासून ५ मिळू लागले. १९८७ च्या पहिल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात न्यूझीलंडने फ्रान्सला २९-९ असे हरवले. न्यूझीलंडचे ट्राय होते ३, फ्रान्सचा १. आजच्या हिशेबाने तोच सामना ३२-१० असा नोंदला गेला असता. खेळ तोच, खेळाडू तेच, आकडे मात्र वेगळे. म्हणजे आकडा हा घटनेइतकाच मोजण्याच्या पद्धतीवरही अवलंबून असतो.

बाईंच्या प्रश्नाला नेमके लागू पडणारे उदाहरण मात्र आपल्याच इतिहासात आहे, आणि ते क्रिकेटमधले आहे.

१९११ चा दौरा

१९११ च्या उन्हाळ्यात अखिल भारतीय संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. पतियाळाचे महाराज भूपिंदर सिंग संघाचे नायक होते. संघाचा तक्ता असा: सामने २३, विजय ६, पराभव १५, अनिर्णित २. यांपैकी १४ सामने प्रथम श्रेणीचे होते. त्यांत विजय फक्त दोन, लेस्टरशायर आणि सॉमरसेट या काउंटी संघांवरचे. संघ म्हणून पाहिले तर हा दौरा अपयशीच म्हणावा लागेल.

आता त्याच संघातल्या एका खेळाडूची ओळ पाहू. पालवणकर बाळू, डावखुरे मंदगती गोलंदाज. दौऱ्यातील सर्व सामन्यांत मिळून ११४ बळी, सरासरी १८.८४. त्यांपैकी प्रथम श्रेणीच्या सामन्यांत ७५ बळी, सरासरी २०.१२. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एकाच डावात त्यांनी १०३ धावांत ८ गडी बाद केले.

गोलंदाजाची सरासरी म्हणजे त्याने दिलेल्या धावा भागिले त्याने मिळवलेले बळी. ती जितकी कमी तितकी चांगली. वरच्या दोन ओळींवरून, तक्त्यात न दिलेली तिसरी ओळ आपल्याला काढता येते.

सर्व सामने: ११४ × १८.८४ = सुमारे २१४८ धावा.
प्रथम श्रेणी: ७५ × २०.१२ = १५०९ धावा.
उरलेले सामने: ३९ बळी, सुमारे ६३९ धावा. म्हणून सरासरी सुमारे १६.४.

म्हणजे दुय्यम सामन्यांत बाळूंचे बळी स्वस्त पडले, तगड्या संघांविरुद्ध थोडे महाग. अपेक्षा तशीच असते. येथे वर्गात एक नेहमीची चूकही दाखवता येईल. २०.१२ आणि १६.४ यांची बेरीज करून दोनाने भागले तर १८.२६ येते. खरी सरासरी १८.८४ आहे. ७५ बळींच्या सरासरीचे वजन ३९ बळींच्या सरासरीपेक्षा जास्त धरले पाहिजे. सरासरींची सरासरी काढताना प्रत्येकीच्या मागे किती नोंदी आहेत हे विसरून चालत नाही.

छेदस्थानी काय आहे?

बाळूंच्या संपूर्ण कारकिर्दीचा हिशेब असा: प्रथम श्रेणीचे ३३ सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१. यातून इंग्लंडचा दौरा वजा केला तर १०४ बळी उरतात आणि सरासरी येते सुमारे ११.७. मग इंग्लंडमध्ये बाळूंची गोलंदाजी खालावली होती काय? तसा निष्कर्ष घाईचा ठरेल. खेळपट्ट्या वेगळ्या, प्रतिस्पर्धी वेगळे, आणि १९११ चा इंग्लंडमधला उन्हाळा विलक्षण उष्ण व कोरडा होता. भिन्न परिस्थितीतल्या दोन सरासरी शेजारी मांडता येतात, पण त्यांची सरळ तुलना करता येत नाही.

याच आकड्यांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. १७९ पैकी ७५ म्हणजे दर १०० बळींपैकी जवळजवळ ४२ बळी एकाच हंगामातले आहेत, तेही वयाच्या पस्तिशीच्या सुमाराला. असे का व्हावे? कारण नियमितपणे मोठे सामने खेळण्याची संधी त्यांना त्या एकाच उन्हाळ्यात मिळाली.

बाळू चर्मकार समाजातले. पुण्यात युरोपियनांच्या क्लबात ते महिना ४ रुपये पगारावर खेळपट्टीची निगा राखत आणि साहेबलोकांना सरावासाठी तासन् तास गोलंदाजी करत. फलंदाजीचा सराव मात्र त्यांच्या वाट्याला येत नसे. सरावातले बळी कोणत्याही वहीत नोंदले जात नाहीत. पुढे पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना खेळायला घेतले. मैदानावर चेंडू एकच होता, त्याला सर्वांचे हात लागत. चहाच्या वेळी मात्र बाळूंना मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. प्लेगच्या काळात ते मुंबईला आले. पुण्याहून मुंबईला जाणारी गाडी तेव्हाही बोरघाट उतरून कर्जतवरूनच जाई. प्रथम श्रेणीच्या सामन्यांतले त्यांचे पदार्पण १९०५-०६ च्या हंगामातले, म्हणजे तिशीच्या आसपासचे. त्याआधीची दहा-बारा वर्षे तक्त्यात कोठेच नाहीत.

रिकामा रकाना

दौऱ्याहून परतल्यावर मुंबईत बाळूंचा जाहीर सत्कार झाला. त्यांच्या ११४ बळींबद्दल वाद घालता येत नव्हता. आकड्यांचे सामर्थ्य येथे दिसते. कोणी कोणाला हीन लेखो, नोंदवही प्रामाणिकपणे लिहिली असेल तर बळी हा बळीच राहतो.

पण आकड्यांची मर्यादाही येथेच दिसते. इतक्या कामगिरीनंतरही हिंदू संघाचे नायकपद बाळूंना कधीच मिळाले नाही. १९२० मध्ये हा प्रश्न पेटला आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम व विठ्ठल यांनी निषेध म्हणून संघातून अंग काढून घेतले. अखेर बाळूंना उपनायकपद देण्यात आले. १९२३ मध्ये विठ्ठल संघाचे नायक झाले आणि त्या वर्षी संघ स्पर्धा जिंकला. बाळूंच्या नावापुढचा तो रकाना मात्र रिकामाच राहिला. तो रिकामा का आहे, हे सरासरीचे कोणतेही सूत्र सांगत नाही. त्यासाठी इतिहासाच्या पुस्तकाकडे वळावे लागते.

आता बाईंच्या प्रश्नाकडे येऊ. खरे काय मानायचे? दोन्ही तक्ते खरे आहेत. संघाचा तक्ता अकरा जणांचा एकत्रित निकाल सांगतो, खेळाडूचा तक्ता एकाचा वाटा सांगतो. मात्र ज्याला संधीच मिळाली नाही, त्याच्याविषयी दोन्ही तक्ते मुके असतात. पदार्थविज्ञानात आम्ही मोजमाप करतो तेव्हाही उपकरणाने काय टिपले याबरोबरच त्याच्या कक्षेबाहेर काय राहिले, हे विचारतो.

शाळेच्या मैदानावर हा प्रयोग सहज करता येईल. वर्गाच्या दहा सामन्यांची नोंद मुलांकडून ठेवून घ्यावी. धावा आणि बळी यांच्याबरोबर आणखी दोन रकाने आखावेत: प्रत्येकाला किती चेंडू टाकायला मिळाले आणि किती खेळायला मिळाले. महिनाअखेर सरासरी काढण्याआधी हे दोन रकाने मुलांना मोठ्याने वाचायला सांगावेत. ज्यांच्यापुढे शून्य असेल त्यांची सरासरी निघणार नाही, कारण शून्याने भागता येत नाही. पुढच्या सामन्यात पहिला चेंडू त्यांच्यापैकी कोणाच्या तरी हाती द्यावा.