टपालाची दुसरी वाट

६ ऑक्टोबर २०२४ रोजी चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर लाखो माणसे आकाशाकडे डोळे लावून उभी होती. भारतीय वायुदलाच्या ९२व्या वर्धापनदिनानिमित्त तेथे विमानांच्या कवायती झाल्या, आणि त्या गर्दीत मीही होतो. राफाल व तेजस यांचा आवाज कानी येऊन मान वळवावी, तो विमान पुढे निघून गेलेले असे. त्या धुमाळीत दोन वृद्ध विमाने संथपणे येऊन गेली. एक होते हार्वर्ड. त्यावर वैमानिकांच्या कित्येक पिढ्या उड्डाण शिकल्या. दुसरे डाकोटा, याच जातीच्या विमानांनी २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरला आपले सैनिक उतरवले. जवळ उभे असलेले एक वयस्क गृहस्थ ती दिसताच हात जोडून उभे राहिले. त्या दिवशीच्या उकाड्यात व गर्दीत पाच जणांना प्राण गमवावे लागले, हे मात्र त्या सोहळ्याची आठवण सांगताना विसरता येत नाही.

घरी परतताना मला आठवण झाली ती एका तिसऱ्या विमानाची. वायुदलाची स्थापना झाली ८ ऑक्टोबर १९३२ रोजी. त्यानंतर बरोबर आठ दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, याच शहरात एक चिमुकले विमान टपालाची थैली घेऊन उतरले होते.

हलक्या विमानांशी मद्रासचे नाते त्याहूनही जुने आहे. येथे हॉटेल चालवणारे कॉर्सिकाचे एक गृहस्थ, जाकोमो डी'अँजेलिस, यांनी १९१० साली स्वतःच्या आराखड्यानुसार विमान बांधवून घेतले आणि त्याच वर्षी मार्चमध्ये ते मद्रासकरांना उडवून दाखवले. पुढे अलाहाबादहून नैनीला विमानाने टपाल गेले ते १८ फेब्रुवारी १९११ रोजी. पण ही झाली नवलाई. विमान हे रोजच्या व्यवहाराचे साधन व्हावयास १९३२ साल उजाडावे लागले.

ती कथा आपणांस ठाऊक आहे. निदान तिचा पूर्वार्ध तरी ठाऊक आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी जे. आर. डी. टाटा कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून निघाले. विमान होते डी हॅविलंड कंपनीचे 'पुस मॉथ': एकच इंजिन, कापडाने मढवलेला सांगाडा, आणि बिनतारी संदेशाचे यंत्र मुळीच नाही. लंडनहून इम्पीरियल एअरवेजने कराचीपर्यंत आणलेल्या टपालापैकी सुमारे २५ किलो टपाल त्यांच्यापाशी होते. अहमदाबादला ते इंधनासाठी उतरले, तेव्हा ते इंधन बैलगाडीतून आले. दुपारी विमान जुहूच्या मैदानावर टेकले.

आपल्या स्मरणातली कथा येथे संपते. टपाल मात्र येथे संपले नव्हते. मुंबईचा वाटा उतरवून उरलेले टपाल नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकाने आपल्या पुस मॉथमध्ये घेतले. दक्षिणेकडे निघून त्याने बेल्लारीला रात्रीचा मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी मद्रास गाठले. या सेवेची मूळ कल्पनाच मुळी व्हिन्सेंटची. ब्रिटिश वायुदलातून बाहेर पडलेला हा गृहस्थ हिंदुस्थानात विमाने उडवीत हिंडला होता. या देशाची अंतरे त्याने वरून पाहिली होती. योजना घेऊन तो जे. आर. डीं.कडे आला, आणि त्यांनी ती आपली मानली. १९४२ साली महायुद्धाच्या धामधुमीत तो ज्या विमानातून जात होता ते पाडले गेले, आणि त्यातच त्याचा अंत झाला.

ही सेवा चालवणे सोपे नव्हते. पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलाने भरे. मग विमानांसह सारे बिऱ्हाड पुण्याला हलवून येरवड्याच्या तुरुंगाजवळील मैदानावरून टपाल रवाना करावे लागे. एअर इंडियाचा पाया अशा रीतीने घातला गेला, आणि त्यात पुण्याच्या मातीचाही अंश आहे, हे फार थोड्यांना माहीत असते.

पुढे या उड्डाणाचे स्मरण मोठ्या प्रेमाने झाले. १९६२ साली जे. आर. डीं.नी कराची ते मुंबई हा प्रवास पुन्हा केला. १९८२ साली, वयाच्या ७८व्या वर्षी, 'लेपर्ड मॉथ' या तशाच जुन्या विमानातून ते एकटेच पुन्हा त्या वाटेने आले. २०२१ साली आरोही पंडित या तरुण महाराष्ट्रीय वैमानिकेने भुजहून अहमदाबादमार्गे जुहूला येऊन त्या उड्डाणाला अभिवादन केले. तिन्ही प्रसंग अभिमानास्पद आहेत. परंतु तिन्ही वेळा प्रवास मुंबईलाच थांबला.

हा दोष त्या उड्डाणे करणाऱ्यांचा नव्हे. तो आपल्या सर्वांच्या स्मरणशक्तीचा आहे. ज्याने आरंभ केला त्याचे नाव आपण जपतो. ज्याने पत्र दारापर्यंत पोहोचवले त्याचे विसरतो. मी सरकारी कामात आयुष्य घालवणारा माणूस आहे. लखोटा निघाला याची नोंद कार्यालयात असते. पण ज्याच्यासाठी तो निघाला त्याच्या लेखी त्याचे पोहोचणे हेच सर्वस्व असते. १९३२ सालच्या त्या थैलीत मद्रासच्या कोणा आईला लंडनहून लिहिलेले तिच्या मुलाचे पत्र असेल, तर तिच्या दृष्टीने ते उड्डाण जुहूला संपले नव्हते.

जुन्या हलक्या विमानांवर प्रेम करणारी माणसे आपल्याकडेही आहेत, आणि १५ ऑक्टोबर दरवर्षी येतो. पुढच्या खेपेस कोणी ते उड्डाण पुन्हा केले, तर जुहूला हारतुरे स्वीकारल्यावर त्याने एवढेच करावे: इंधन भरून घ्यावे, बेल्लारीला रात्र काढावी आणि दुसऱ्या दिवशी चेन्नईला उतरावे. येथे त्याची वाट पाहणाऱ्यांत मी असेन.