पाहुणा नव्हे, घरातला

परदेशात गेलेल्या विद्यार्थ्याला तिथल्या एखाद्या कुटुंबात ठेवण्याची पद्धत आज इतकी रुळली आहे की तिच्यामागे एक फसलेला प्रयोग आहे हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. अमेरिकेतले डोनाल्ड वॉट १९३२ साली काही अमेरिकन मुलांना घेऊन युरोपात गेले. स्वित्झर्लंडमधल्या शिबिरात ही मुले फ्रेंच आणि जर्मन मुलांबरोबर राहिली की मैत्री आपोआप होईल, असा त्यांचा होरा होता. तसे घडले नाही; मुले आपापल्या भाषेचे कोंडाळे करून बसली. पुढच्या वर्षी वॉट यांनी शिबिर सोडून दिले आणि मुलांना जर्मन कुटुंबांत राहायला पाठवले. त्यांची ‘एक्स्पेरिमेंट इन इंटरनॅशनल लिव्हिंग’ ही संस्था याच बदलावर उभी राहिली. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला निर्णायक क्षण हाच. मुलांना एकत्र आणणे पुरेसे नव्हते, त्यांना आपल्या माणसांपासून थोडे तोडणेही गरजेचे होते.

घरातले पहिले काही दिवस हे काम करतात. आंघोळ कधी करायची, जेवताना नको असलेला पदार्थ कसा नाकारायचा, रात्री दार कोण लावणार, या गोष्टी कुठल्याही पुस्तकात नसतात आणि विचारल्याशिवाय दिवसही पुढे सरकत नाही. शिबिरात असा प्रश्न शेजारच्या मित्राला स्वतःच्या भाषेत विचारता येतो. घरात तो यजमानांनाच, त्यांच्या भाषेत विचारावा लागतो. शिवाय कुटुंबालाही आपल्या सवयी पहिल्यांदाच समजावून सांगाव्या लागतात. मराठी वाचकाला याचा पुरावा संस्थांच्या आधी पन्नास वर्षे सापडतो. आनंदीबाई जोशी जून १८८३मध्ये न्यूयॉर्कला उतरल्या, त्या न्यू जर्सीतल्या रोझेल गावी थिओडोशिया कार्पेंटर यांच्या घरी राहायला. दोघींची ओळख तोवर फक्त पत्रांतली. आनंदीबाईंनी शाकाहार सोडला नाही, साडीही सोडली नाही, आणि कार्पेंटरबाई त्यांच्या ‘मावशी’ झाल्या. पुढे शिक्षणासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या. तिथल्या थंडीत त्यांची प्रकृती खालावत गेली, पण रोझेलचे नाते टिकले. फेब्रुवारी १८८७मध्ये पुण्यात त्या वारल्यावर त्यांच्या अस्थी अमेरिकेला पाठवण्यात आल्या आणि कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या.

घरात राहण्याच्या या पद्धतीवर एक कठोर आक्षेप आहे. वॉट यांची मुले जर्मन घरांत गेली ते १९३३ साल, हिटलर सत्तेवर आला ते वर्ष. सहा वर्षांनी युद्ध पेटले. मग त्या जेवणाच्या टेबलांवर काय साधले? युद्ध थांबवण्याची अपेक्षा धरली तर काहीच नाही, आणि हे मान्य केलेच पाहिजे. पण युद्ध जवळून पाहिलेल्यांनी यातून उलटा निष्कर्ष काढला. ‘अमेरिकन फील्ड सर्व्हिस’ ही दोन्ही महायुद्धांत जखमींना वाहून नेणाऱ्या रुग्णवाहिका-चालकांची संघटना. तिचे प्रमुख स्टीफन गॅलाटी आणि त्यांचे सहकारी यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर शाळकरी मुलांची देवाणघेवाण हेच संघटनेचे काम ठरवले आणि १९४७मध्ये मुलांची पहिली तुकडी अमेरिकेत आली. काही वर्षांत पराभूत जर्मनीतली मुलेही अमेरिकन घरांत राहू लागली. ज्यांनी रणांगणावरून माणसे उचलली त्यांना हा भाबडेपणा वाटला नाही, याला मी मोठे वजन देतो.

दुसरा आक्षेप मला अधिक खरा वाटतो. एक कुटुंब म्हणजे देश नव्हे. ज्यांच्याकडे रिकामी खोली आणि एका जास्तीच्या ताटाची ऐपत आहे, तेच यजमान होऊ शकतात. विद्यार्थ्याला देश दिसतो तो त्याच थरातला. यजमानांनी मोबदला घ्यायचा नाही ही या संस्थांची जुनी रीत आहे, आणि तिचे कारणही पटते: भाडे देणारा भाडेकरू होतो, मग त्याने घरकामात हात लावावा, रुसावे, समजूत काढून घ्यावी, अशी अपेक्षा कुणी धरत नाही. पण मोबदला न घेणे वेगळे आणि पदरचे घालणे वेगळे. अमेरिकी आयकर कायदा अशा यजमानांना एका विद्यार्थ्यामागे महिन्याला फक्त ५० डॉलरपर्यंतचा खर्च देणगी म्हणून दाखवू देतो. वाढत्या मुलाचे महिन्याचे जेवणही त्यात भागत नाही. ही मर्यादा खऱ्या खर्चाइतकी वाढवली तर घराचे भाड्याचे घर होणार नाही. गिरणीकामगाराचे किंवा एकट्या आईचे घरही यजमानांच्या यादीत येऊ शकेल.