शिल्लक तिजोरीत, मीठ महाग

अर्थसंकल्प आला की माझ्या टेबलावर दोन प्रेसनोट पडतात. एकीत भरभराट, दुसरीत दिवाळं. दोन्हीत आकडे तेच! अशा वेळी मला २६ मार्च १९०२ चं कलकत्ता आठवतं.

व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांचं सरकार तेव्हा खुशीत होतं. माणशी वार्षिक उत्पन्न २७ रुपयांवरून ३० वर गेलं, असं कर्झनसाहेबांनी वर्षभर आधीच सांगून ठेवलेलं. आता तिजोरीत ७ कोटींवर शिल्लक. सरकारच्या लेखी ही प्रगतीची खूण. आणि इकडे मुंबई इलाख्यात काय चाललं होतं? १८९६ चा दुष्काळ, प्लेग, त्यातून सावरतोय तोवर १८९९ चा दुष्काळ.

कायदे मंडळात गोपाळ कृष्ण गोखले उठले. वय ३५. अर्थसंकल्पावर मत द्यायचा अधिकार सभासदांना नव्हताच, फक्त बोलायचं. सगळे अभिनंदन करत असताना आपल्याला ते मनापासून जमत नाही, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं.

मग त्यांनी शिल्लक उलगडून दाखवली. विलायतेला दरसाल पैसे पौंडात पाठवावे लागत. रुपया १३ पेन्सपर्यंत घसरला तेव्हा एका पौंडाला साडेअठरा रुपये पडायचे. ती खोट भरायला कर वाढवले. पुढे टांकसाळी बंद करून सरकारने रुपया १६ पेन्सवर चढवला, म्हणजे पौंड १५ रुपयांत. खर्च घटला, पण वाढवलेले कर तसेच! शिल्लक आली ती इथून. पीकपाण्याचा काही संबंध नाही.

मिठाचंच बघा. १८८८ मध्ये मणाला २ रुपयांचा कर अडीच रुपये केला. चाळीस शेरांचा मण, म्हणजे शेरामागे बरोबर एक आणा नुसता कर. दुष्काळी कामावर खडी फोडणारी बाईसुद्धा तो भरत होती.

हे आकडे जुळवायला गोखल्यांच्या मागे होते गणेश व्यंकटेश जोशी, हेडमास्तरकी केलेला माणूस. आमच्या धंद्यात अशी माणसं हवी होती. असो.

कर्झन सरकारने चूक काही कबूल केली नाही. पण १९०३ मध्ये मिठावरचा कर मणाला २ रुपयांवर आला, प्राप्तिकराची सूट ५०० वरून १००० रुपयांवर गेली. १९०५ ला मीठ दीड रुपया, १९०७ ला एक रुपया.